कपडा कुठून जातो?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. नवी खोली, एकच अरुंद कपाट आणि जुन्या जागेतून आणलेले कपड्यांचे चार खोके, अजून दोरीही न सोडलेले. एवढं सगळं रंगवून लिहिलंस आणि शेवटी एका ओळीत फर्मावलंस, ‘मोजके, टिकाऊ, कशावरही जातील असे कपडे हवेत. यादी पाठव.’

यादी पाठवत नाही, रागावू नकोस. दोन वर्षांपूर्वी मीही अशाच एका यादीच्या नादी लागलो होतो. या प्रकाराला आता ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ म्हणतात. १९८५ साली डोना कॅरन या अमेरिकन डिझायनरने सात कपड्यांचा संच काढला, त्यातले कपडे एकमेकांवर फिरवून घालता यायचे. तेव्हापासून अशा याद्यांना तोटा नाही. माझ्या यादीत एक लांब कोट होता, म्हणून मी लांब कोट घेतला. मी लांब कोट घालणारा माणूस नाही हे तुला पहिल्यापासून माहीत आहे. मला ते कोट घेतल्यावर कळलं.

त्यानंतर एका रविवारी मी उलटं काम केलं. टाकायला काढलेल्या कपड्यांचं एक बोचकं बरेच दिवस पलंगाखाली पडून होतं. ते सोडलं, एकेक कपडा उजेडात धरला आणि एवढंच बघितलं, की हा कुठून गेला? अरे, इतकं शिकायला मिळालं की सांगता सोय नाही. नऊ शर्टांपैकी पाच कॉलरच्या घडीवर विरलेले, बाकी अंग धडधाकट. पँटी जवळजवळ सगळ्या मांड्यांच्या आतून गेलेल्या. एका जॅकेटचं सगळं शाबूत, फक्त चेन दात सोडून बसलेली. दोन शर्टांच्या कॉलरवर बुडबुडे आलेले. आतलं कडक अस्तर शिवलेलं नसून उष्णतेने चिकटवलेलं होतं आणि धुऊन धुऊन ते सुटलं होतं. आणि अकरा कपडे असे निघाले, की ते कुठूनच गेले नव्हते. नवेकोरे. ते नुसते कशावर जात नव्हते.

हे अकरा बघून मी जरा ओशाळलोच. टिकाऊ कापड म्हणून पारखून घेतलेली एक मोहरी रंगाची पँट त्यात होती. शंभर वर्षं टिकली असती, कारण ती घालणार कोण?

तेव्हा तुला सांगायचं ते एवढंच: कपडा घेताना तो कसा दिसतो हे बघशीलच, पण तो कुठून जाईल आणि गेला तर दुरुस्त होईल का, हेही तिथेच उभ्याउभ्या बघ. यात नवीन काही नाही. जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट असतात ना, ते असंच बघण्यातून आले. अमेरिकेतल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. लाकूडतोड्या नवऱ्याच्या पँटी सारख्या फाटतात म्हणून एका बाईने त्याच्याकडे मजबूत पँट मागितली. त्याने जाड कापड तर वापरलंच, पण जिथे ताण येऊन उसवतं नेमक्या त्या जागी रिव्हेट ठोकले. पेटंटच्या खर्चासाठी तो कापडाचे व्यापारी लेव्हाय स्ट्रॉस यांच्याकडे गेला आणि २० मे १८७३ रोजी दोघांना मिळून पेटंट मिळालं. संबंध पँट मजबूत करत बसण्याऐवजी त्याने मोजक्या जागा सांभाळल्या.

कॉलरचंही तसंच. एकोणिसाव्या शतकात शर्टाची कॉलर वेगळी काढून धुता यायची. ती कल्पना १८२७ च्या सुमाराला न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या हॅना माँटेग्यू या गृहिणीची, असं सांगतात. मळते ती कॉलर आणि धुवायचा अख्खा शर्ट, याचा तिला वैताग आला होता. पुढे कॉलर शर्टाला कायमची जोडली गेली, तरी जुने शिंपी ती घडीवर विरली की उसवून, उलटी करून पुन्हा लावून देत. मी हे एका शर्टावर करून घेतलं. शिंप्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग शर्टाकडे, आणि म्हणाला, ‘कापड चांगलंय, म्हणून करतो.’ तो शर्ट आज अंगात आहे.

आता शिवण. कपडा आधी उलटा कर. वरून सगळेच साळसूद दिसतात. एका इंचात किती टाके आहेत ते मोज. चांगल्या शर्टात अठराच्या आसपास भरतात, घाईच्या शिलाईत दहा-बारा. पँटच्या पायाची शिवण नुसती ओव्हरलॉकवर, म्हणजे कडेभोवती दोरे गुंडाळून, सोडली आहे, की कडा एकमेकींत दुमडून वरून दोन टिपा मारल्या आहेत, ते बघ. दुसरी सहसा उसवत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत माया किती सोडली आहे? हा शब्द मला फार आवडतो. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणावं, हे ज्या कुणाला सुचलं त्याला कपडे कळत होते आणि माणसंही. पँटच्या मागच्या शिवणीत दोन-अडीच सेंटिमीटर माया असेल तर कंबर वाढली तरी पँट तुला सोडत नाही. खाली पायालाही थोडी असावी. तयार कपड्यांत हल्ली ती कापून टाकतात, कारण हजारो पँटींमागे तेवढं कापड वाचतं.

कापडाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तू ‘शंभर टक्के कॉटन’ एवढं वाचून खूश होतोस. कापूस कापसात फरक असतो. साध्या कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो, लांब धाग्याच्या जातींचा ३५ च्या वर जातो. तंतू आखूड असला की सुतातून त्याची टोकं जास्त बाहेर राहतात, ती घासून गुंततात आणि कापडावर गोळे येतात. त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर आणखी पंचाईत. कापसाचा गोळा निदान गळून तरी पडतो. पॉलिएस्टरचा तंतू मजबूत, तो गोळा धरून ठेवतो. म्हणजे मजबुतीनेच कपडा जुनाट दिसायला लागतो. मिश्रण वाईटच असं नाही, पावसाळी जॅकेटला सुती कापड काय कामाचं? पण रोज अंगाला घासणाऱ्या कपड्यात मी टाळतो.

टी-शर्टचं वजन बघ. चौरस मीटरला १४० ग्रॅमचं कापड उजेडात धरलं की पलीकडचं दिसायला लागतं. १८० ते २२० मधलं धड असतं. आणि बाजूची शिवण काखेतून खालपर्यंत सरळ उतरते का ते नीट बघ. काही टी-शर्टांची शिवण दोन धुण्यांत फिरून पोटावर येते. त्याला आपलं पोट जबाबदार नाही, तिरकं कापलेलं किंवा पिळाच्या सुताचं कापड जबाबदार आहे. माझा बराच काळ गैरसमज होता.

ताणल्या जाणाऱ्या पँटींत इलॅस्टेन म्हणजे रबरासारखं ताणणारं सूत असतं. एक-दोन टक्के असेल तर बसाउठायला सोय होते. त्याहून फार जास्त असलं की पँट पहिल्या दिवशी अंगासरशी आणि वर्षभरात गुडघ्यावर पिशवी. उष्णता आणि क्लोरीनचं ब्लीच हे त्याचे वैरी. अशी पँट रफूलाही फारशी दाद देत नाही, सभोवतालचं कापड ताणलं की रफू वेगळं पडतं.

लोकरीचं मात्र मी गुणगान गाणार. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. वासही लवकर धरत नाही, त्यामुळे दर वेळी धुवावी लागत नाही. फक्त कसर सांभाळ. लोकर खाते ती पतंगाची अळी आणि तिला घामाचा, डागांचा कपडा जास्त आवडतो. तेव्हा हंगाम संपला की स्वेटर धुऊनच आत ठेव. आणि टांगू नकोस, घडी घाल. ओला असताना तर टांगूच नकोस, स्वतःच्या पाण्याच्या वजनाने तो गुडघ्यापर्यंत येतो.

बुटांबद्दल एकच विचारत जा, तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला? भोवतालच्या पट्टीला शिवलेला तळ झिजला की चांभार नवा बसवून देतो.

आता ‘कशावरही जातील’ हा तुझा मुद्दा. हिशेब सगळे सांगतात, चार शर्ट गुणिले तीन पँटी म्हणजे बारा. वर घालायला दोन जॅकेटं आणि तिसरा पर्याय जॅकेट न घालण्याचा, झाले छत्तीस. मी माझे छत्तीस खरंच घालून बघितले. बावीस निघाले. बाकीच्यांत काहींचे रंग भांडत होते, काहींत जाड कापडावर पातळ कापड केविलवाणं दिसत होतं. त्यापासून एक नियम केला: नवा कपडा घरात असलेल्या निदान तीन कपड्यांवर जायला हवा, आणि ते तीन कोणते हे मला दुकानात उभं राहून सांगता यायला हवं. सांगता आलं नाही की परत फिरायचं. बहुतेक वेळा मी परतच फिरतो. रंग खिडकीशी नेऊन बघ. दिव्याखाली हुबेहूब जुळलेले दोन गडद निळे दिवसाउजेडी अनोळखी होतात. एक गडद, एक फिका आणि एक तुझा स्वतःचा रंग, एवढ्यावर भागतं. तुझा रंग कोणता ते मी सांगायला नको, कॉलेजची तिन्ही वर्षं आम्ही तो लांबून ओळखत होतो.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. कपडे कमी केले की प्रत्येकाच्या वाट्याला अंगावरचे दिवस जास्त येतात आणि धुणीही जास्त. चार शर्टांचं कपाट बारा शर्टांच्या कपाटापेक्षा लवकर विरतं. मोजके कपडे ठेवायचे तर ते चांगलेच हवेत, ही चैन नव्हे, गरज आहे. आणि सारखी अंगात असणारी पँट एकाच प्रकारची दोन घे; एकीला विश्रांती मिळते. आतले कपडे आणि मोजे या मोजणीत धरू नकोस, तिथे काटकसर केलीस तर पस्तावशील.

धुण्याबद्दल तुला सांगायची भीतीच वाटते, तुझी बादली मी बघितली आहे. ड्रायरच्या जाळीत जो कापूस साठतो तो तुझाच कपडा असतो रे, दर वेळी चिमूटभर झिजलेला. तीस अंशांचं पाणी रोजच्या मळाला पुरतं. कपडा उलटा करून धू आणि उलटाच सावलीत वाळव, म्हणजे रंग टिकतो. चेन लावलेली असू दे, तिचे दात शेजारच्या कपड्याला लागतात. बटणं मात्र उघडी ठेव, नाहीतर काजावर ताण येतो. जीन्स दर वेळी धुवू नकोस. शर्ट मात्र धूच!

आणि सुईत दोरा ओवायला शीक. बटण ढिलं झालं की त्याच संध्याकाळी पक्कं कर. पडल्यावर ते सापडत नाही आणि सापडलं तर दुसऱ्याच शर्टाचं निघतं. कापड विरतंय असं दिसलं की भोक पडायच्या आधी रफू करून घे. भोक मोठं झालं की धागे उरत नाहीत, मग ठिगळच.

तेव्हा खरेदीला जाण्याआधी ते चार खोके उघड. जे सारखं घालतोस ते एका बाजूला, फाटलेलं दुसरीकडे, आणि ‘चांगलंय पण घालत नाही’ तिसरीकडे. तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघाला तर दचकू नकोस, आणि मला नक्की कळव, म्हणजे माझ्या मोहरी पँटला सोबत मिळेल.

हो, तुझा राखाडी स्वेटर अजून माझ्याकडेच आहे. तू विसरला असशील म्हणून गप्प होतो. उजव्या कोपराला भोक पडलं होतं. राखाडी लोकर काही केल्या जुळेना, शेवटी गडद निळीने रफू केलं. लांबून शाईचा डाग वाटतो. आलास की घेऊन जा. नाही आवडला तर राहू दे, नाहीतरी सहा वर्षं मीच घालतोय.

तुझाच,
मित्र