च्यवनप्राश मीच खातोय

सातारा

प्रिय संज्या,

च्यवनप्राशचा डबा आणि वहिनींनी वाळवून दिलेली गुळवेल, दोन्ही पोचलं. च्यवनप्राश मीच खातोय. रागावू नकोस, पण आमच्या पोराला, ओमला, त्याचा उपयोग नाही. परवा फोनवर आजूबाजूला माणसं होती, म्हणून आता लिहितो.

ओमची प्रतिकारशक्ती अशक्त झालीय असं नाही, तिचा एक अख्खा भागच त्याच्याकडे जन्मापासून नाही. रक्तातल्या बी पेशींपासून जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात. त्या पेशी पूर्ण वाढायला बीटीके नावाचं प्रथिन लागतं, आणि ओमच्यात त्याचाच जनुक बिघडलेला आहे. ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकन लष्करी डॉक्टरने १९५२ साली आठ वर्षांच्या एका मुलात हा आजार ओळखला. नाव लांबलचक आहे: एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया.

पहिले सहा महिने पोरगं टुणटुणीत होतं, ते नाळेतून आलेल्या आईच्या अँटीबॉडींवर. त्या संपल्या आणि कान वाहायला लागला, मग न्यूमोनिया, बरा होतोय तोवर पुन्हा न्यूमोनिया. माझी आई मीठ-मोहऱ्या ओवाळायची, डॉक्टर अँटिबायोटिक बदलायचे. इतक्या जणांनी त्याचा घसा बघितला, पण टॉन्सिल जवळजवळ दिसतच नाहीत हे एकाच डॉक्टरबाईंनी हेरलं. टॉन्सिल बी पेशींनीच भरलेले असतात ना! त्यांनी परळला, केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत पाठवलं. तिथे फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशी मोजायच्या चाचणीत, बी पेशी जवळपास शून्य निघाल्या.

त्याआधी एचआयव्हीची चाचणी झाली होती, आणि तेवढीच बातमी गल्लीत पोचली. निगेटिव्ह आली हे मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही. गंमत बघ, ती चाचणी अँटीबॉडी शोधते, आणि याच्या अंगात त्या बनतच नाहीत, म्हणजे ती निगेटिव्हच येणार! म्हणून विषाणू थेट शोधणारी पीसीआर करावी लागली. तीही निगेटिव्ह.

आता दर तीन-चार आठवड्यांनी आयव्हीआयजी चढवतो. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटीबॉडी. सलाईनसारख्याच, पण अगदी हळू सोडतात, नाहीतर ताप आणि डोकेदुखी. दिवस तिथेच जातो. पोरगं कंटाळतं, नर्सबाईंना नवी नवी नावं ठेवतं. डोस वजनावर असतो, त्यामुळे ओम वजनकाट्यावर उभा राहिला की रेखाला आनंद होतो आणि मी मनात बाटल्यांचे पैसे मोजतो. एचआयव्हीची औषधं २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत फुकट मिळतात, आणि मिळायलाच हवीत. आमच्यासारख्यांची सोय मात्र २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणापर्यंत ज्याची त्यानेच लावायची होती. तू दर शिवजयंतीला रक्त देतोस. रक्तपेढीत उरलेला प्लाझ्मा या औषधासाठी जातो. कुणी सांगावं, एखाद्या बाटलीत तूही असशील.

आता मुख्य गोष्ट. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. बाई वाहक असली तर तिला स्वतःला त्रास नसतो, पण प्रत्येक मुलग्याला आजाराची शक्यता निम्मी. रेखा वाहक निघाली. माझ्या आईने लगेच 'माहेरचं दुखणं' म्हणून टाकलं. त्यावर मी आईशी बोललो ते इथे लिहीत नाही. पण सासूबाईंचा एक भाऊ लहानपणीच न्यूमोनियाने गेला होता, हे त्या आत्ता सांगतात. म्हणजे रेखाची बहीण सुमीही वाहक असू शकते, आणि तिला सातवा लागलाय. सासूबाई म्हणतात, बाळंत होईपर्यंत तिला काही बोलू नका, जीवाला घोर लागेल.

मला ते पटत नाही. जन्मल्याबरोबर बाळाला पोलिओचे थेंब पाजतात. त्यात जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. अशा बाळाच्या आतड्यात तो मुक्काम ठोकू शकतो, क्वचित लुळेपणाही येतो. मुलगा झाला तर नाळेच्या रक्तातच बी पेशी मोजता येतात, आणि तोवर थेंब थांबवता येतात. पण हे डॉक्टरांना आधी माहीत हवं. वेळेत कळलं तर त्या बाळाला ओमसारखे न्यूमोनिया सोसावे लागणार नाहीत.

तर रविवारी कराडला जातोय. रेखा सुमीशी बोलेल. सुमीचा नवरा तुझ्या वर्गातला. मी काही सांगायला लागलो की 'साडू शिकवतोय' असा चेहरा करतो. तुझं ऐकेल. सकाळी आठला पोवई नाक्यावर ये, गाडी मी काढतो. रिपोर्टची फाइल वाटेत वाचायला देईन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या