साथ ओसरली की निधीही ओसरतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर बेळगावकर रोज सकाळी फिरायला जातात. या जागेला हे नाव देवीच्या लसीमुळे मिळाले. मुंबई इलाख्याला लागणारी लस इथे तयार होत असे आणि त्यासाठी लागणारी माणसे, जनावरे व खर्च यांची तरतूद साथ असो वा नसो, बारा महिने केलेली असे. १९८० साली जगातून देवीचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली, त्यामागे अशा कायमस्वरूपी संस्थांचे काम होते. आज आपल्या भागात नेमका हा कायमस्वरूपीपणाच उरलेला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, जुलै २०२१ मध्ये, केंद्र सरकारने आपत्कालीन आरोग्य सज्जतेसाठी २३,१२३ कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले आणि ते मार्च २०२२ पर्यंत राबवायचे ठरवले. हाताशी जेमतेम नऊ महिने होते. इतक्या अवधीत खाटा येतात, यंत्रे येतात, फार तर इमारतीचा पाया भरला जातो. पण नमुना कसा घ्यावा, तो किती तपमानात ठेवावा आणि संशयास्पद अहवाल आला तर रात्री कोणाला फोन करावा, हे जाणणारा माणूस तयार होत नाही. त्यानंतर आलेल्या आयुष्मान भारत पायाभूत सुविधा मोहिमेत ६४,१८० कोटींची तरतूद आणि जिल्हा प्रयोगशाळांची योजना होती, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तरीही तीसुद्धा २०२५-२६ पर्यंतच्या मुदतीचीच. मी स्वतः प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून सरकारी नोकरीत उमेदीची वर्षे घालवली आहेत. मार्चअखेरीस निधी परत जाऊ नये म्हणून घाईने मागवलेले तपासणी संच, ते वापरायला माणूस नसल्याने पुढच्या पावसाळ्याआधीच मुदतबाह्य झालेले मी पाहिले आहेत, आणि त्याच पावसाळ्यात तापाच्या रुग्णांना खासगी प्रयोगशाळेची वाट दाखवताना मला शरम वाटली आहे.

सीमाभागात ही उणीव अधिक जाचते. खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातून माणसे काजूच्या हंगामात चोर्ला घाट उतरून गोव्यात मजुरीला जातात. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गमध्ये पोहोचला. हा ताप गोचिडीच्या चाव्याने होतो, त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे असतो, आणि काजूचा हंगामही याच दिवसांत येतो. जुन्या लसीचा परिणाम अपुरा ठरल्याने तिचा वापर थांबला आहे. त्यामुळे उरते ती जंगलात जाण्यापूर्वी अंगाला लावायचे, गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल, ताप आल्यावर पहिल्या आठवड्यातच घेतलेला रक्ताचा नमुना, आणि माकड मेलेले दिसताच ती खबर पोहोचवण्याची सवय. यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही, मात्र दरवर्षी लागतो.

सत्तरीतून ताप घेऊन परतलेला मजूर खानापुरात आजारी पडतो, तेव्हा त्याची नोंद कर्नाटकात होते आणि रोगाचे ठिकाण गोव्यात असते. महाराष्ट्रातील चंदगडचा रुग्ण जवळचे म्हणून बेळगाव गाठतो, तर कर्नाटकातील निपाणीचा कोल्हापूर. माणसांचे हे येणे-जाणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. २०२१ साली कर्नाटकच्या सीमेवरील कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांचे आरटीपीसीआर अहवाल तपासायला यंत्रणा कमी पडली नाही. बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा येथील आरोग्य अधिकाऱ्यांनी दर आठवड्याला आपापल्या तापाच्या नोंदी एकमेकांना कळवण्यासाठी त्याच्या शतांशानेही खर्च येणार नाही. ती व्यवस्था नियमित असावी, ओळखीपाळखीवर चालू नये.

आणखी एक गोष्ट, जी वादाचा विषय होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व केंद्राने १९५६ सालीच मान्य केले आहे. खानापूरच्या जंगलालगतच्या वाडीतील आजीला गोचीड अंगावरून कशी काढावी हे मराठीत समजले, तर त्यात कन्नडचा काही अवमान नाही. आमच्या आशाताई हे काम तोंडी करतातच. त्यांच्या हाती छापील मराठी पत्रक असावे, एवढेच मागणे आहे.

राज्याच्या अर्थसंकल्पात साथरोग सर्वेक्षणासाठी वेगळे, दरवर्षी चालू राहणारे शीर्ष असावे आणि त्यातला पहिला पैसा तंत्रज्ञ व आरोग्य निरीक्षकांची रिक्त पदे भरण्यावर खर्च व्हावा, अशी सीमाभागातील आमदारांनी मागणी लावून धरावी. ते होईल तेव्हा होवो. काजूचा हंगाम मात्र फेब्रुवारीत सुरू होतो. त्याआधी डेपा तेल आणि मराठी पत्रके कणकुंबीपर्यंत पोहोचवणे जिल्हा प्रशासनाला आजच्या निधीतही शक्य आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
खानापूर, जि. बेळगाव