गरम पाण्याच्या कुंडावर एक तरी धड मराठी बोर्ड लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोयनेकडे जरा काही हललं की आमच्या संगमेश्वर-चिपळूण पट्ट्यात लगेच व्हॉट्सअॅपवर तोच मेसेज फिरायला लागतो, सह्याद्रीच्या पोटात ज्वालामुखी जागा होतोय म्हणून, आणि पुरावा काय तर तुरळच्या नाहीतर राजवाडीच्या गरम कुंडाचा फोटो. फॉरवर्ड करणाऱ्यात चांगली शिकलेली माणसं असतात हो.

सह्याद्री लाव्ह्यापासून झालाय हे खरंय, पण ती गोष्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. आणि पुस्तकातल्या चित्रात असतो तसा टोकदार डोंगर नि वरून धूर असलं काही नव्हतं, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून पातळ लाव्हा आला आणि घावनाचं पीठ तव्यावर पसरावं तसा पसरत गेला, थंड झाला, त्यावर परत दुसरा थर, मग तिसरा, असं करत करत घाटमाथ्याच्या बाजूला काही ठिकाणी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास गेली. तेव्हा भारत आत्ताच्या जागी नव्हताच, खाली हिंदी महासागरात होता आणि उत्तरेला सरकत होता. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून तो जाताना हा लाव्हा वर आला ती आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, आणि तिथला ज्वालामुखी आजही अधूनमधून पेटतो. तेव्हा ज्याला ज्वालामुखीच बघायचाय त्याने तिकडचं तिकीट काढावं, तुरळला कशाला येतोय.

मग पाणी गरम का? पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खूप खोल जातं, खाली जमीन मुळातच गरम असते, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून महाडजवळचं सव, दापोलीचं उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरचं उन्हाळे, नकाशावर खुणा करून बघा, सगळी डोंगराच्या पायथ्याशी जवळपास एका ओळीत येतात, कारण भेगाही तशाच उत्तर-दक्षिण आहेत. आणि कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप, त्याचा संबंध शास्त्रज्ञ धरणात साठवलेल्या पाण्याशी जोडतात. ज्वालामुखीचा तिथे काही संबंध नाही.

हे सगळं सांगायचं कारण, हे समजलं की आपलाच डोंगर बघायला वेगळी मजा येते. मार्लेश्वरला धारेश्वरचा धबधबा बघायला एवढी गर्दी होते, सगळे सेल्फी काढतात, पण मागचा कडा थराथरांचा आहे, कठीण थराची उभी भिंत मग मऊ थराची पायरी, हे किती जण बघतात? घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा दिसतो, तो एक लाव्हा थंड झाल्यावर वरच्या भागाची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजली त्याचा. आपल्या घराचा चिरा तो जांभा, तो पण याच काळ्या दगडाचा लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन झालेला. त्याच जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, उक्षी, कशेळी, बारसूची कातळशिल्पं, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आणि त्याच सड्यावर पावसाळ्यात सीतेची आसवं नि तेरडा ही रानफुलं. आणि आपल्या पेपरच्या पर्यटन पुरवणीत मात्र दर वेळी बीच आणि सुरमई थाळी! (सुरमईबद्दल माझी तक्रार नाही.)

आता मुद्द्याचं. यातल्या एका कुंडावर मी मुंबईचे पाहुणे घेऊन गेलो तर पाण्यात शाम्पूच्या पुड्या, बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही, आणि बोर्ड काय तर त्वचारोग बरे होतात एवढाच. पाणी का गरम आहे, कुठून येतं, अक्षर नाही. पाहुण्यांच्या मुलाने विचारलं खाली ज्वालामुखी आहे का, तर तिथल्या दुकानदाराने ठोकून दिलं, हो आहे की! मोठा निधी नकोय, प्रत्येक कुंडावर चार ओळींचा मराठी बोर्ड, साबण लावून आंघोळ बंद, बायकांसाठी एक बंद खोली. आणि घाटात रुंदीकरण करताना सगळी दरड जाळी नि सिमेंटने झाकायच्या आधी जिथे धोका नाही असा एखादा तुकडा उघडा ठेवून समोर गाडी उभी करायला जागा केली तर शाळेच्या सहली तिथे थांबतील. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर बोर्डाचं काम येत्या पावसाळ्याआधी होऊ शकतं. मजकूर मराठीत लिहून द्यायला जिल्ह्यातल्या कॉलेजांतले भूगोलाचे प्राध्यापक फुकटात तयार होतील, विचारून तर बघा.

आपला,
एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी