मंजू, तुझी गोळी आणि माझी कावीळ

पंचवटी, नाशिक

प्रिय मंजू,

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, 'तुझीच थायरॉइडची गोळी मलाही सुरू झालीय.' तू ऑफिसात होतीस म्हणून मी गप्प बसले. आता सगळं सांगते.

गोळी वाईट नाही गं. कार्बिमाझोल ती, वाढलेल्या थायरॉइडचा जोर कमी करणारी; तिने माझी धडधड आणि हातांची थरथर महिन्याभरात थांबली. लिव्हरला ती क्वचितच बाधते, नेमकी मला बाधली.

पाचव्या आठवड्यात अंगाला खाज सुटली. पुरळ नाही, काही नाही, आणि रात्री तर जास्तच. मी साबण बदलला! लघवी चहासारखी गडद झाली, तर म्हटलं, उन्हाळा आहे, पाणी कमी पडलं. रविवारी मिसळ समोर आली आणि वासही नकोसा झाला, तेव्हा हे चपापले. सासूबाईंनी डोळे पाहिले, 'पिवळे दिसतायत.' आणि नेलं की कावीळ उतरवायला! बाबाने आधी हाताला कसलासा रस चोळला, मग चुन्याचं पाणी ओतलं. पाणी पिवळंधमक. 'बघा, निघाली!' माझ्या भाच्याने गंमत म्हणून हात पुढे केले, तर त्या धडधाकट पोराचीही कावीळ निघाली. सासूबाई घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळीचं पिवळं द्रव्य, ६ च्या वर (एक-सव्वापर्यंत चालतं). सोनोग्राफी ठीक, कावीळीचे विषाणू नाहीत, पित्ताचा प्रवाह लिव्हरमध्येच मंदावलेला. गोळी तिथल्या तिथे बंद. मी विचारलं, दुसरी कुठली? प्रोपिलथायोयुरासिल म्हणून एक आहे, पण ती लिव्हरला याहून धोक्याची. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१० मध्ये तिच्यावर कडक इशारा छापायला लावला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र तीच देतात. मला शेवटी रेडिओआयोडीन, म्हणजे थायरॉइडचं काम कमी करणारं किरणोत्सारी आयोडीन, दिलं. आता थायरॉइड उलट मंदावलाय, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, थायरॉइडची उणीव भरून काढणारी गोळी.

राग एकाच गोष्टीचा येतो. गोळी सुरू करण्याआधी माझी लिव्हरची तपासणी कुणी केलीच नव्हती. वाढलेल्या थायरॉइडनेही लिव्हरचे आकडे थोडे वर जातात, त्यामुळे आधीचा आकडा नसला की दोष नेमका कशाचा, तेच कळेना. तुझी झालीय का ती? विचारून घे. आणि खाज, गडद लघवी, डोळे पिवळे यांतलं काही दिसलं, किंवा ताप आणि घसा धरला, तर पुढची गोळी घेऊ नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. या गोळीने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून तापात त्या बघायला लागतात, तो धोका वेगळाच.

रिपोर्ट आला की फोटो पाठव. साबण बदलू नकोस.

तुझी,
शैला