साउंडवाल्या काकांना, गिटारवाल्याकडून

ति. काका,
सा. न. वि. वि.

त्या रात्री तुम्ही केबली गुंडाळत होतात आणि आमची गाडी खानापूरला निघायच्या घाईत होती, नीट बोलणं झालंच नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. गणपतीच्या दिवसांत बेळगावात साउंडवाल्याला शिव्या घालणारे ढिगानं भेटतात. आभार कोण मानतो?

आमच्या ऑर्केस्ट्रात एक मराठी गाणं, की एक कन्नड. दोन्हींत गिटारच्या वाट्याला सोलोचे चार-आठ बार (तालाची आवर्तनं) येणार, आणि नेमके तेच कीबोर्ड-ढोलकीखाली गडप होणार. त्यासाठीच मी एमएक्सआर कंपनीचं मायक्रो अँप घेतलं होतं, म्हणजे पायानं दाबलं की गिटारचा आवाज वाढवणारं बूस्ट पेडल. पण सोलोला पाय दिला की आवाज वाढायचं सोडून नुसता करवादायचा.

तुम्ही मिक्सर सोडून स्टेजवर आलात, माझ्या पेडलांच्या बोर्डापाशी उकिडवे बसलात. बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे सूर मुद्दाम खरखरीत करणाऱ्या पेडलच्या, आधी होतं. "भरल्या घागरीत आणि ओतलास तर सांडणारच की," म्हणालात आणि दोन्ही पेडलांच्या जागा बदलल्यात. ओव्हरड्राइव्ह सिग्नलचे शेंडे आधीच कापत असतं. त्यात आणखी सिग्नल घुसवला तर कापाकापी वाढते, आवाज फारसा वाढत नाही. बूस्ट त्याच्यानंतर लावलं आणि गिटारचा अँप्लिफायर क्लीन, म्हणजे आवाज न फाटेल असा, ठेवून त्यात जागा शिल्लक असली, तर तोच सूर तसाच्या तसा मोठा होतो. जाड, लांब टिकणारा सूर हवा असेल तर मात्र बूस्ट आधीच बरं, हेही सांगितलंत.

मग नॉब. आधी पूर्ण डावीकडे नेलात, तिथं पेडल चालू काय, बंद काय, आवाज जवळपास सारखाच. तिथून मला ऱ्हिदम (गाण्यामागची साथ) वाजवायला लावून थोडंथोडं उजवीकडे सरकवत राहिलात. हे पेडल 26 डेसिबलपर्यंत जातं, म्हणजे व्होल्टेज सुमारे 20 पट! आम्हाला लागलं त्याच्या कितीतरी कमी, 5-6 डेसिबलच्या आसपास. त्या जागी तुम्ही खिशातल्या व्हाइटनरचा ठिपका दिलात. आता अंधाऱ्या स्टेजवरसुद्धा नॉब हलला की लगेच कळतं.

मला सगळ्यात पटलं ते पुढचं. साउंडचेकला आम्ही गिटारवाले ऱ्हिदम वाजवून मोकळे होतो, आणि कार्यक्रमात बूस्ट दाबलं की तुमच्या मिक्सरवर गिटारच्या चॅनेलचा लाल दिवा पेटतो, म्हणजे सिग्नल त्याला झेपत नाही. तुम्ही आधी सोलोच वाजवून घेतलात, तोही बूस्ट चालू ठेवून, आणि त्यावर चॅनेलचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) लावलात. हे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत हो.

कीबोर्डवाल्याचा 12 व्होल्टचा अडॅप्टर माझ्या पेडलला लागता लागता तुम्ही हात धरलात, त्याचे वेगळे आभार. 9 व्होल्ट डीसी आणि पिनचा आतला पॉइंट निगेटिव्ह, हे आता मी बोर्डाच्या मागं मार्करनं लिहून ठेवलंय.

निपाणीच्या कार्यक्रमालाही साउंड तुमचाच असावा असं आम्ही मंडळाला सांगितलंय. आणि तुमची ती छोटी पॅच केबल अजून माझ्याच बोर्डावर आहे. मागितलीत तर देईन, पण मागू नका.

तुमचा,
ऑर्केस्ट्रातला गिटारवाला
खानापूर