बेदाण्याचे लाडू, कुत्रा आणि मिठाचे पाणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीत आमच्या कुत्र्याने बेदाणे घातलेले चार-पाच रवा लाडू फस्त केले, तेव्हा शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला सांगितले. सल्ला मायेचाच होता, पण सुदैवाने तेवढ्यात पशुवैद्यकांना फोन लागला आणि त्यांनी आम्हाला थांबवले. मीठ जास्त गेले की रक्तातील सोडियम वाढून कुत्र्याला झटके येऊ शकतात, शिवाय उलटी होईलच असे नाही. हा उपाय आजही सर्रास सांगितला जातो, म्हणून हे पत्र.

बेदाण्याने काय होणार, असे आम्हा सांगलीकरांना वाटणे साहजिकच आहे. परंतु द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि अमुक इतके खाल्ले तर चालेल असे खात्रीचे प्रमाण नाही. एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, तर दुसरा त्याहून कमी खाऊन दगावतो. याला टार्टारिक आम्ल कारणीभूत असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये मांडले. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, तेव्हा आमटीसाठी भिजवलेली चिंचही वर उचलून ठेवलेली बरी. आधी उलट्या होतात, कुत्रा मलूल पडतो आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते; त्या टप्प्यावर उपचारांना फारसे यश येत नाही. ‘अजून खेळतोय ना, मग सकाळी बघू’ हे म्हणूनच सर्वांत घातक. कांदा-लसणाचेही तसेच आहे: शिजवला तरी त्याचा अपाय जात नाही, आणि हिरड्या फिकट पडणे, लघवी तांबूस होणे ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात. याउलट साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉल अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरवू शकते.

दूध, दही वा तूप पाजून यातले कोणतेही विष उतरत नाही. उरलेला पदार्थ बाजूला करावा, चॉकलेट असल्यास त्याचे वेष्टन जपून ठेवावे (डार्क चॉकलेट दुधाच्या चॉकलेटपेक्षा बरेच अधिक घातक असते), आणि काय खाल्ले, अंदाजे किती, केव्हा व कुत्र्याचे वजन किती, हे चारही तपशील फोनवर डॉक्टरांना सांगावेत. उलटी करवायची की नाही हे त्यांनीच ठरवावे. खाऊन साधारण दोन तासांच्या आत दवाखान्यात पोहोचल्यास इंजेक्शन देऊन ती करवता येते. गुंगीत असलेल्या किंवा झटके येत असलेल्या कुत्र्याला घरी उलटी करवण्याचा प्रयत्न केला, तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

आम्हाला त्या रात्री फोन लागला तो केवळ ओळखीमुळे. त्याआधी ज्या दोन दवाखान्यांच्या दारात गेलो, तिथे कुलूप होते आणि पाटीवर केवळ सकाळ-संध्याकाळच्या वेळा होत्या. शहरातील पशुवैद्यकांनी आपसांत रात्रपाळी ठरवून त्या रात्री उपलब्ध असणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या दारावर लावावा, आणि पशुसंवर्धन विभागाने त्यासाठी पुढाकार घ्यावा, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सांगली