नकाशा काढणाऱ्या इतिहासकाराविषयी : मित्रास पत्र

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझ्या विद्यार्थिनीला पीएच.डी.नंतर डिजिटल इतिहासातच काम करायचे आहे, आणि नकाशे, आलेख व संकेतस्थळे यांवर इतिहासकाराची कारकीर्द उभी राहते का, असे तू विचारले आहेस. माझ्या नोकरीची हकिगत तुला ठाऊकच आहे. ती सल्ला म्हणून सांगण्याजोगी नाही. त्याऐवजी ज्यांचे काम पाहून मी या वाटेला लागलो, त्या अमेरिकन इतिहासकार एडवर्ड एअर्स यांच्याविषयी लिहितो.

एअर्स व्हर्जिनिया विद्यापीठात असताना, 1991 च्या सुमारास, त्यांनी अमेरिकन यादवी युद्धावर एक पुस्तक योजले. एकाच लांबलचक खोऱ्यातील दोन काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) त्यांनी निवडल्या, व्हर्जिनियातील ऑगस्टा आणि पेनसिल्व्हेनियातील फ्रँकलिन. जमीन आणि पिके बरीचशी सारखी, पण पहिलीत गुलामगिरी कायदेशीर होती आणि दुसरीत नव्हती. पुस्तकाआधी कागदांचा संग्रहच वाढत गेला : जनगणनेच्या याद्या, वृत्तपत्रे, पत्रे, रोजनिशा, चर्चच्या आणि सैनिकांच्या नोंदी. हे सारे संगणकावर चढवले गेले आणि वेब अजून रांगत असतानाच ‘व्हॅली ऑफ द शॅडो’ या नावाने कोणालाही पाहण्यासाठी खुले झाले. ओळ न् ओळ वाचून, टंकून, ताडून पाहण्याचे हे काम आहे, आणि तू पेशवे दप्तरातील मोडी रुमालांपुढे ज्या चिकाटीने बसतोस तीच येथे लागते, हे तिला आधीच सांगून टाक.

डिसेंबर 2003 मध्ये एअर्स आणि विल्यम टॉमस यांनी याच सामग्रीवर ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ या इतिहासाच्या नियतकालिकासाठी डिजिटल लेख केला. त्यात प्रत्येक विधान त्याच्या पुराव्याशी, तक्त्याशी वा नकाशाशी जोडलेले होते. गुलामगिरी आधुनिकतेला अडसर नव्हती, ती रेल्वे, बाजार आणि शहरे यांच्यासोबत सहज नांदत होती, हा त्यांचा निष्कर्ष वाचकाला स्वतः तपासता येत होता. माझ्या मते या क्षेत्राचे खरे बळ येथे आहे, रंगीत चित्रांत नाही.

चित्रे फसवतातही. पुढे एअर्स रिचमंड विद्यापीठाचे अध्यक्ष झाले (2007 ते 2015), आणि तेथील डिजिटल प्रयोगशाळेने 2012 मध्ये गुलामांच्या मुक्तीच्या घटना नकाशावर ठिपक्यांनी मांडल्या. त्यांतील पुष्कळ नोंदी युद्धाच्या सरकारी कागदपत्रांतून आणि वृत्तपत्रांतून आलेल्या असल्यामुळे जेथे सैन्य आणि छापखाना पोहोचला तेथे ठिपके दाटतात. रिकाम्या जागी काही घडलेच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. त्याच प्रयोगशाळेच्या 2016 च्या ‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’ या प्रकल्पात 1930 च्या दशकातील एका सरकारी गृहकर्ज संस्थेचे नकाशे आहेत, ज्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘धोकादायक’ ठरवून लाल रंगवलेल्या दिसतात. तो लाल रंग इतका बोलका आहे की त्या नकाशांमुळेच कर्ज नाकारले गेले असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्या संस्थेचे कर्जवाटप 1936 मध्येच थांबले होते आणि अनेक नकाशे त्यानंतरचे आहेत. वांशिक भेदभाव खराच होता, पण कारण आणि त्याची नोंद यांतली रेघ पुसली जाते. चांगल्या इतिहासकाराने ती नकाशाशेजारी शब्दांत लिहावी, आणि आपल्या क्षेत्रात हे फार थोडे लोक करतात.

आता नोकरीचे. एअर्स यांनी हे धाडस केले तेव्हा त्यांची जागा कायम होती, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागावरील त्यांचे गाजलेले पुस्तक 1992 मध्ये आले. म्हणजे पाठीशी छापील नाव होते. 2004 मध्ये त्यांना इतिहासग्रंथांसाठीचे बँक्रॉफ्ट पारितोषिक मिळाले, तेही त्याच दोन काउंट्यांवरील छापील पुस्तकाला. अमेरिकन इतिहासकारांच्या संघटनेने डिजिटल कामाच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे 2015 मध्ये काढली. आपल्याकडच्या निवड समित्या अजूनही संकेतस्थळ कोणत्या रकान्यात घालावे याच विचारात असतात.

देखभालीचाही प्रश्न आहे. ‘व्हॅली’ची सामग्री 2000 मध्ये सीडीवरही आली होती, आणि आज बहुतेक लॅपटॉपला ती घालण्याची सोयच नसते. म्हणून तिने लहान प्रदेश निवडावा, प्रबंध पुस्तकरूपाने आधी पुरा करावा, आणि एखाद्या ग्रंथालयाने संग्रह सांभाळण्याचे लेखी कबूल केल्याखेरीज संकेतस्थळ सुरू करू नये. तिचा आराखडा पाठव. कोणते कागद वापरणार आणि कोणते हाती लागणार नाहीत, हे त्यात लिहिलेले असावे.

कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेहांकित